पखालीच्या बैलावरून

ग्वाल्हेरात ‘बाड्यावर जाऊन येतो’ म्हटलं की लष्करातला महाराज बाडा समजायचा. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास इथे पडली, तिचंच पुढे शहर झालं. म्हणून नाव लष्कर. बाड्याच्या गजबजाटाला लागूनच गोरखी आहे, शिंद्यांचा जुना राजवाडा. दसऱ्याला घराण्याचे प्रमुख आधी गोरखीच्या देवघरात पूजा करतात आणि संध्याकाळी मांढरेच्या मातेपाशी शमीपूजनाला जातात. तिथे शमीवर तलवार टेकली की जुन्या मराठा सरदारांच्या घरातली मंडळी सोनं लुटायला धावतात.

याच गोरखीत बीडचे सूफी अवलिया मन्सूरशाह यांचंही स्थान आहे. ते महादजी शिंद्यांचे गुरू. उरुसाला घराण्याचे प्रमुख तिथे बसून राहतात आणि वरचं फूल गळून पडलं की आशीर्वाद मिळाला असं मानतात.

या श्रद्धेमागे मोठं दुःख आहे. राणोजी शिंद्यांचे थोरले चिरंजीव, महादजींचे भाऊ जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारेकऱ्यांच्या हातून गेले. दुसरे भाऊ दत्ताजी जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर पडले. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतात आणखी एक भाऊ तुकोजी गेले आणि जयाप्पांचा तरणा मुलगा जनकोजी कैद होऊन मारला गेला. महादजी तेवढे रणातून निसटले. एक अफगाण स्वार कोस न् कोस त्यांच्या मागे लागला होता. महादजींची दख्खनी घोडी अखेर थकून खड्ड्यात कोसळली. स्वाराने त्यांच्या पायावर घाव घातला, अंगावरचे दागिने आणि घोडी घेतली आणि तो निघून गेला.

तिथे त्यांना राणेखान भेटला. राणेखान भिस्ती होता. पखालीने पाणी वाहून पोट भरणारा. त्याने जखमी महादजींना आपल्या बैलावर घातलं आणि दक्षिणेची वाट धरली.

पाय मात्र जन्माचा अधू झाला. त्या अफगाण स्वाराचा अवजड घोडा आपल्या घोडीमागे दौडत येताना पुढे कित्येक वर्षं स्वप्नात दिसायचा, असं महादजी सांगत. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने ते नोंदवून ठेवलं आहे.

देवाची सोबत आपण मागतो ती बहुतेक वेळा संकट टळावं म्हणून. महादजींचं संकट टळलं नाही. घर रिकामं झालं, पाय गेला, झोपेतही पानिपत सुटलं नाही. तरी हा माणूस कृष्णावर पदं रचत राहिला आणि मन्सूरशाहांपुढे नम्र होत राहिला. श्रद्धेची खरी ताकद इथे दिसते: घाव बरा होण्याची वाट न पाहता ती माणसाला घावासकट उभं करते.

आणि सोबत आली ती कुणाच्या रूपात? मराठी माणसाला हे कोडं वाटू नये. एकनाथांच्या घरी देवाने श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी भरलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणच्या कथेत पाणक्या घरात असूनही कुणाला ओळखू आला नाही. महादजींनी मात्र आपला पाणक्या ओळखला. त्याला भाऊ मानलं, ‘भाई’ म्हणून हाक मारली आणि सरदारकी दिली.

पुन्हा कसोटीची वेळ आली ती १७८७ साली. लालसोटच्या लढाईनंतर महादजींना माघार घ्यावी लागली. उत्तरेत उभं केलेलं सगळं हातचं जातंय असं दिसू लागलं. पुढच्या वर्षी रोहिला सरदार गुलाम कादिरने दिल्ली बळकावून बादशहा शाह आलमचे डोळे काढले. तेव्हा महादजींनी त्याच्यावर फौज पाठवली. १७८८ संपण्याआधी दिल्ली परत शिंद्यांच्या ताब्यात आली आणि गुलाम कादिर पकडला गेला.

त्या फौजेचे सेनापती होते राणेखान भाई.