मूल कोणाच्या विवरणपत्रात?

(चौल येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

चौल हे एकेकाळचं मोठं बंदर. माल कोणाचा आणि जकात कोणी भरायची, हा वाद या किनाऱ्याला नवा नाही. आजचा आपला प्रश्न त्याच जातीचा आहे, फक्त बंदरावरचा नाही, घरातला आहे. नवरा-बायको वेगळे झाले, मूल एक आहे. आयकराच्या कागदावर ते मूल कोणी दाखवायचं?

हा प्रश्न आमच्याकडे येतो तो बहुतेक जून-जुलैत, विवरणपत्राची मुदत जवळ आली की. आणि विचारणारा माणूस चिडलेला असतो. "मुलगी माझ्याकडे राहते, मग फायदा त्यांनी का घ्यावा?" किंवा "फी मी भरतो, मग नाव तिचं कसं?" आम्ही आधी पाणी देतो, मग कागद मागतो. कारण या भांडणात रागाचा भाग मोठा असतो आणि कराचा भाग पुष्कळदा फारच लहान.

पहिली गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या आयकर कायद्यात 'मूल दाखवणे' असा प्रकारच नाही. आपल्याकडे कर माणशी लागतो. नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्र नसतं, आणि मूल आहे म्हणून कर कमी, असंही नसतं. मग ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. इथल्या घराघरातलं कोणी ना कोणी आता तिकडे आहे. तिथे मूल खरोखरच एका पालकाच्या विवरणपत्रात लागतं, आणि २०२५ सालासाठी त्याची करसवलत एका मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. पालक वेगळे राहत असतील तर वर्षातल्या जास्त रात्री मूल ज्याच्याकडे राहिलं, त्याचा हक्क पहिला. रात्री अगदी सारख्या निघाल्या तर ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा. आणि पहिल्या पालकाला हा हक्क दुसऱ्याला सोडायचा असेल तर ८३३२ क्रमांकाचा फॉर्म सही करून द्यावा लागतो. तिकडचा भाऊ फोनवर हे सांगतो आणि इकडच्या बहिणीला वाटतं, आपल्याकडेही असंच काहीतरी असणार.

आपल्याकडे तसं नाही. आपला कायदा एक मोठा प्रश्न विचारत नाही. तो दोन छोटे प्रश्न विचारतो, आणि त्यांची उत्तरं दोन वेगळ्या पालकांकडे जाऊ शकतात.

पहिला प्रश्न: पैसे कोणी भरले?

शाळेची शिकवणी फी कलम ८०क खाली वजावटीत येते. भविष्य निर्वाह निधी, विमा, हे सगळं धरून एकूण मर्यादा दीड लाख. मुलं जास्तीत जास्त दोन, शिक्षण पूर्णवेळ, संस्था भारतातली. विकास निधी, देणगी, खासगी क्लास यात बसत नाहीत. यात मूल कोणाकडे राहतं हे विचारलेलंच नाही. फी ज्याने भरली, वजावट त्याची. दोघांनी अर्धी-अर्धी भरली तर दोघं आपापल्या अर्ध्या भागाची घेऊ शकतात. तोच रुपया दोघांनी दाखवायचा नाही, एवढंच.

इथे एक गोम आहे. वडील आईच्या खात्यात पोटगी जमा करतात आणि आई त्यातून फी भरते. पावती आईकडे, शाळेला पैसे गेले आईच्या खात्यातून. मग वडिलांनी "शेवटी पैसा माझाच" म्हणून उपयोग नाही. त्यांनी शाळेला काही दिलेलं नाही, आईला दिलंय. वजावट हवी असेल तर फी थेट शाळेच्या खात्यात भरा. आरोग्य विम्याचंही असंच आहे. मूल अवलंबून असेल आणि हप्ता रोखीत भरलेला नसेल, तर ज्याने भरला त्याला कलम ८०ड खाली वजावट मिळते.

आता यासाठी भांडण किती रुपयांचं, ते पाहू. एक कल्पित घर घेऊ. वडिलांचा पगार वर्षाला ९ लाख, आईचा साडेचार लाख. मुलगी चौथीत, फी ४८,००० रुपये. आर्थिक वर्ष २०२५-२६, म्हणजे ज्याचं विवरणपत्र २०२६ मध्ये जातं. जुन्या करप्रणालीत वडिलांची ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि भविष्य निर्वाह निधीचे समजा ६० हजार वजा केले. मग फीमुळे त्यांचा कर वाचतो ९,९८४ रुपये. आईचं उत्पन्न ५ लाखांच्या आत आहे, तिला जुन्या प्रणालीतही कर नाही. म्हणजे तिने फी दाखवली काय, न दाखवली काय, तिच्यासाठी वजावटीची किंमत शून्य.

पण थांबा. फीची वजावट धरूनसुद्धा जुन्या प्रणालीत वडिलांना ६३,३३६ रुपये कर येतो. नवीन प्रणालीत, जिथे ८०क नाहीच, त्यांना कर किती? शून्य. कारण तिथे १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर रिबेट मिळून कर उरत नाही. म्हणजे आपण कल्पिलेले हे गृहस्थ दहा हजारांच्या वजावटीसाठी भांडतायत आणि ती मिळवायला त्रेसष्ट हजारांचा कर भरायला तयार आहेत! म्हणून आम्ही सांगतो, आधी आकडेमोड करा, मग भांडा. बऱ्याच घरांत भांडायला काही उरतच नाही.

दुसरा प्रश्न: मुलाच्या नावावरच्या पैशाचं काय?

हा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि यात लोक जास्त फसतात. आजोबांनी नातीच्या नावावर ६ लाखांची मुदत ठेव ठेवली. ७ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४२,०००. मुलगी अज्ञान आहे. कलम ६४(१अ) म्हणतं, हे व्याज एका पालकाच्या उत्पन्नात मिळवायचं. सीए लोक याला क्लबिंग म्हणतात. ही तरतूद १९९२ च्या वित्त कायद्याने आली. त्याआधी मुलांच्या नावावर पैसा ठेवून कर टाळणं सोपं होतं.

पण कोणत्या पालकाच्या? आता नीट ऐका, कारण इथे वेगळं राहणं आणि घटस्फोट यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लग्न कायद्याने टिकून असेल, तर ज्या पालकाचं उत्पन्न जास्त, त्याच्याकडे. लग्न टिकून नसेल, तर जो पालक त्या वर्षी मुलाचा सांभाळ करतो, त्याच्याकडे.

म्हणजे बघा. आई मुलीला घेऊन चार वर्षं माहेरी चौलला राहते. वडील पनवेलला. अलिबागच्या कोर्टात दावा चालू आहे, निकाल नाही. कायद्याच्या नजरेत लग्न टिकून आहे. वडिलांचं उत्पन्न जास्त, तर नातीच्या ठेवीचं व्याज वडिलांच्या विवरणपत्रात जातं, मग त्यांनी मुलीला चार वर्षांत पाहिलेलं असो वा नसो. न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाला तरी हेच, कारण त्यानेही लग्न संपत नाही. घटस्फोटाचा हुकूम झाला की मगच प्रश्न बदलतो: सांभाळ कोण करतंय? 'ताबा' हा शब्द तिथे नाही, 'सांभाळ' आहे. खर्च कोण करतं, मूल कोणाच्या घरी वाढतं, हे पुराव्याने दाखवायचं.

आणि व्यवहारात घोटाळा असा होतो. ठेवीला पालक म्हणून आईचा पॅन लावलेला असतो. बँक व्याज आईच्या पॅनवर कळवते, तिच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, ते दिसतं. आईला वाटतं, मलाच भरायचंय. किंवा तिने भरलं नाही की विचारणा येते आणि ती घाबरते. घाबरू नका. एआयएसमध्येच 'ही माहिती दुसऱ्या पॅनशी संबंधित आहे' असा अभिप्राय देण्याची सोय आहे. व्याजातून कर कापला गेला असेल, तर त्याचं श्रेयही ज्याच्या उत्पन्नात व्याज धरलं त्यालाच मिळायला हवं. बँकेला तसं लेखी द्यावं लागतं. एकदा एका पालकाकडे उत्पन्न धरलं गेलं की अधिकाऱ्याला ते पुढे सहजासहजी दुसऱ्या पालकाकडे हलवता येत नाही, त्या दुसऱ्याला म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते.

इथल्या वाडीवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नातवाच्या नावावर वाडी केली, नारळ-सुपारी विकली, ते शेतीचं उत्पन्न, ते करमुक्त. पण त्याच वाडीत चार खोल्या बांधून शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना दिल्या, तर ते भाडं शेतीचं नाही. ते पालकाच्या उत्पन्नात मिळणार. उलट मुलाने स्वतःच्या कलेवर किंवा अंगमेहनतीवर पैसे मिळवले, समजा नाचाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, तर ते त्याचं स्वतःचं उत्पन्न. बक्षिसाची ठेव केली की तिचं व्याज मात्र पुन्हा पालकाकडे. अठरा पूर्ण झाले की हे सगळं संपतं.

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "मग ठेवीवर सही कोणाची? बँक म्हणते वडिलांची आणा."

चांगला प्रश्न. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी अज्ञान मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांसाठी अर्ज केला. पालक म्हणून सही आईची. बँकेने वडिलांची सही मागितली. नवरा-बायको एकत्रच होते, दोघांची संमती होती, तरीही. कारण १९५६ च्या कायद्यात लिहिलंय, नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ फेब्रुवारी १९९९ रोजी न्यायालयाने सांगितलं, 'नंतर' म्हणजे फक्त मृत्यूनंतर नव्हे. वडील प्रत्यक्षात मुलाची जबाबदारी घेत नसतील, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तरी आई पालक असू शकते. तेव्हा ताई, बँकेत हे सांगा, शांतपणे आणि लेखी.

शेवटी करायचं काय? संमतीने वेगळे होताय तर अटी लिहितानाच चार ओळी जास्त लिहा. शाळेची फी कोण भरणार, आणि ती थेट शाळेला भरणार का. मुलाच्या नावावर कोणत्या ठेवी आहेत, पालक म्हणून सही कोणाची. मुद्दल कोणीही मोडणार नाही. व्याजावर ज्याला कर पडेल, त्याला तो मुलाच्या खात्यातून मिळणार की आपल्या खिशातून भरायचा. विम्याचा हप्ता कोणाचा. क्लबिंग कोणाकडे, हे मात्र तुम्ही करार करून बदलू शकत नाही, ते कायदाच ठरवतो. मुलाची पोटगीही आई-वडिलांनी आपसांत सोडून देण्याची गोष्ट नाही, तो हक्क मुलाचा आहे.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण २०२५-२६ चं विवरणपत्र जुन्याच कायद्याने जाईल. क्रमांक पाठ करू नका, पावत्या जपा.

आणि एक सांगून थांबतो. विवरणपत्रात मुलाची फी दाखवली म्हणून कोर्ट ताबा देत नाही, आणि न दाखवल्याने कोणी कमी आई किंवा कमी बाप ठरत नाही. कर खात्याला एवढंच हवंय की पैसा कोणाच्या हातून गेला आणि कोणाच्या हातात आला. मूल कोणाचं, हे ते विचारत नाही. तुम्हीही विवरणपत्राच्या निमित्ताने मुलाला ते विचारू नका.