पुराची बोट आणि पेट्रोलची नळी

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस कन्हान नदीला महापूर आला आणि नागपूर जिल्ह्यातल्या मौदा तालुक्यातली नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी भिस्त असते ती मागे इंजिन लावलेल्या छोट्या बोटींवर. पूर ओसरला की बोट गोदामात जाते आणि पुढचे आठ-दहा महिने तिच्याकडे कोणी फिरकत नाही. इंजिन भक्कम असते. घात करते ती टाकीपासून इंजिनापर्यंत जाणारी हातभर रबरी नळी.

२०२३च्या फेब्रुवारीपासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकायला सुरुवात झाली. आता बहुतेक पंपांवर तेच मिळते. जुन्या नळ्या साध्या नायट्राइल रबराच्या. पेट्रोल-इथेनॉलचे मिश्रण या रबरात शिरते, रबर फुगते आणि त्याला लवचिक ठेवणारे तेलकट द्रव्य विरघळून निघून जाते. नळी भरलेली असेपर्यंत हे कळत नाही. टाकी रिकामी करून बोट ठेवली, नळी सुकली, की ती आकसते, ताठरते. त्यात नागपूरचा मे महिना, पंचेचाळीस अंशांचा. जून येईपर्यंत तडे तयार.

गंमत अशी, की या तड्यातून पेट्रोल गळेलच असे नाही. इंजिनाचा पंप पेट्रोल ओढून घेतो, म्हणजे चालू इंजिनात नळीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे तड्यातून हवा आत जाते. इंजिन सुरू होते, हळू चालते आणि प्रवाहाविरुद्ध जोर लावताच गुदमरून बंद पडते. लोक स्पार्क प्लग बदलतात, कार्ब्युरेटर खोलतात. नळी कोरडी दिसते म्हणून तिच्यावर संशयच जात नाही. कधी तर आतला थर सुटून पापुद्र्यासारखा आडवा येतो. बाहेरून नळी अगदी ठणठणीत!

तपासणी सोपी आहे. नळीतला हातपंपाचा फुगा कडक होईपर्यंत दाबायचा. आता दाब आतून बाहेर असल्याने कुठे ओल येते ते दिसते. फुगा आपोआप मऊ पडला, तर गळती आहे किंवा त्यातली झडप गेली आहे.

बदलताना पाणी भरायची पारदर्शक प्लास्टिक नळी लावणे हा शुद्ध अडाणीपणा. बोटीच्या पेट्रोलसाठीच बनवलेली, आतून फ्लोरोरबराचा थर असलेली नळी घ्यावी; कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका पक्का, की इथेनॉलचे तिथे फारसे काही चालत नाही. फुगा, फिल्टर आणि क्लिपाही नव्याच. काम उघड्यावर करावे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. एक ठिणगी पुरते. काढलेली नळी तिथल्या तिथे कापून टाकावी, नाहीतर घाईच्या वेळी गोदामातून तीच पुन्हा बाहेर येते.