लोड आला की कॉम्प्युटर बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

इंटरनेट चालतं, टायपिंग चालतं. पण मुलांनी गेम, व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑटोकॅड सुरू केलं की कॉम्प्युटर धाडकन बंद. दुकानात नेला की बरेचदा पहिला सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मारू.' पैसे जातात, बॅकअप नसेल तर मुलांचे प्रोजेक्ट आणि लग्नाचे फोटोही जातात आणि दोन दिवसांनी आजार पुन्हा तोच.

हलक्या कामात ठीक आणि जड कामात बंद, हे लक्षण बहुधा हार्डवेअरचं असतं. जड कामात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जास्त वीज ओढतात, जास्त तापतात. कमजोर भाग तेव्हाच उघडा पडतो. म्हणून सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग कॉम्प्युटर कसा बंद पडतो, ते नीट बघा.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद, थंड झाल्यावर पुन्हा ठीक: संशय उष्णतेवर. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही भागलं नाही तर जळू नये म्हणून बंद होतो. 'एचडब्ल्यू-इन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर तापमान दाखवतं. आकडा ९५-१०० अंशांना टेकत असेल तर पंखा फिरतो का बघा, धूळ काढा, थर्मल पेस्ट बदलून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका. खालची हवा अडते.

लोड येताच क्षणात बंद किंवा रीस्टार्ट, निळी स्क्रीनसुद्धा नाही: संशय एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर. आधी यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला करून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवून पाहा. फरक पडला नाही तर पुरेशा वॅटचा दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून बघायला सांगा. एसएमपीएस घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक चार्ज राहतो.

निळी स्क्रीन, दर वेळी वेगळा एरर: संशय रॅमवर. पेनड्राइव्हवरून 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवा. एकही एरर आला तरी तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून तपासा. बायोसमध्ये एक्सएमपी चालू असेल तर बंद करून बघा.

स्क्रीनवर रेघा-ठिपके, किंवा स्क्रीन काळी पण आवाज चालू: संशय ग्राफिक्स कार्डवर. ड्रायव्हर नव्याने टाका, कार्डाची पॉवर केबल घट्ट बसली आहे का बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं म्हणून लगेच एसएमपीएस बदलू नका. त्याचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट शटडाऊन झाला नव्हता. 'व्हीया-लॉगर'ची नोंद असेल तर मात्र बोट हार्डवेअरकडे जातं.

एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि कॉम्प्युटर सुधारला, तर दोष नेमका कुठे होता ते कळत नाही आणि बिल मात्र चारही वस्तूंचं येतं.

दुकानात जाताना कागदावर लिहून न्या: कोणतं काम चालू असताना बंद पडला, किती मिनिटांनी, तापमान किती होतं, स्क्रीनवर काय दिसलं. एवढी माहिती हातात असली की दुरुस्तीवालाही थेट दुखण्यावर हात ठेवतो आणि नको तो खर्च टळतो.