यकृताच्या शिरेतील दाब आणि सोनोग्राफी

पोटाच्या सोनोग्राफीचा अहवाल हातात पडला की बरेच रुग्ण मुतखडा किंवा गाठ नाही ना, एवढेच पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. ‘पोर्टल व्हेन १५ मिलिमीटर, प्लीहा वाढलेली, पोटात थोडे पाणी’ या ओळीकडे लक्ष जात नाही. यकृताच्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र हीच ओळ महत्त्वाची असते. यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील दाब वाढल्याची, म्हणजेच पोर्टल हायपरटेन्शनची ती सूचना असते.

हा दाब म्हणजे दंडाला पट्टा बांधून मोजतात ते ब्लडप्रेशर नव्हे. ते १२०/८० असले तरी हा दाब वाढलेला असू शकतो. जठर, आतडी व प्लीहा (पाणथरी) यांतील रक्त पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून यकृतात जाते. यकृताला मिळणारे सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. अनेक वर्षांची दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, तसेच लठ्ठपणा व मधुमेहाबरोबर यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृत कडक व गाठाळ होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. शेतातला पाट तुंबला की पाणी मागे साचते आणि मिळेल तिथून वाट काढते. रक्ताचेही तसेच होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या व जठराच्या बारीक शिरा फुगतात. त्यातली एखादी फुटली की रक्ताची उलटी होते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते.

सोनोग्राफीत काय दिसते?

पोर्टल शिरेची रुंदी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त असणे, प्लीहा वाढलेली असणे, यकृताचा पृष्ठभाग खडबडीत दिसणे आणि पोटात पाणी होणे, या मुख्य खुणा. हाताने तपासून कळण्यास पोटात साधारण दीड लिटर पाणी जमावे लागते. सोनोग्राफीत शंभर मिलिलिटरच्या आसपासचे पाणीही दिसू शकते. डॉपलर तपासणीत रक्ताचा वेग व दिशा समजते. वेग मंदावलेला असेल किंवा रक्त यकृताकडे न जाता उलटे वाहत असेल, तर दाब वाढल्याचा तो मोठा पुरावा होय. शिरेत गुठळी आहे का, हेही यात दिसते. आपल्या देशात काही मुलांत यकृत चांगले असूनही ही शीर बंद पडते आणि त्यांना रक्ताच्या उलट्या होतात. म्हणून हा फक्त दारुड्यांचा आजार, हा समज चुकीचा आहे.

या तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. जेवणानंतर शिरेतला प्रवाह वाढतो व आतड्यातील वायूमुळे चित्र अस्पष्ट होते, म्हणून सहा तास उपाशीपोटी जावे.

तपासणीची मर्यादा

शिरेची रुंदी नॉर्मल आली म्हणजे दाब नाही, असे ठरत नाही. रक्त आडवाटांनी निघून गेले तर शीर फुगत नाही. शिवाय अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा साध्या सोनोग्राफीत खात्रीने दिसत नाहीत. त्यासाठी दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी लागते. यकृताचा कडकपणा मोजणारी फायब्रोस्कॅन तपासणी आणि रक्तातील प्लेटलेटची संख्या यांवरून ती कोणाला लगेच हवी, हे डॉक्टर ठरवू शकतात. शिरा मोठ्या आढळल्यास प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारख्या गोळ्यांनी अथवा दुर्बिणीतून रबरी बँड बसवून रक्तस्राव टाळता येतो. रक्तस्राव होण्याआधी केलेला हा उपाय रुग्णाला वाचवतो. वेळ हातात मिळावा, यासाठीच सोनोग्राफी.

हे लक्षात ठेवा

सिऱ्होसिसच्या रुग्णाने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. यकृताचा कर्करोगही त्यामुळे लवकर सापडू शकतो. जुने अहवाल जपून ठेवून प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवावेत. दारू पूर्ण बंद करावी. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. हिपॅटायटिस बी व सी यांची औषधे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी उपचार केंद्रांत मोफत मिळतात. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तर घरगुती उपाय करीत बसू नये. रात्र असली तरी रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे. सकाळची वाट पाहू नये.