नकाशासंग्रह

जुने, दुर्मिळ भूनकाशे व सागरी नकाशे मिळविणे, त्यांचा काळ व कर्ता निश्चित करणे, त्यांची सूची तयार करणे आणि त्यांचे जतन करणे, या उद्योगास नकाशासंग्रह म्हणतात. जुना नकाशा हा एखाद्या काळी त्या प्रदेशाविषयी कोणाला, किती व कशासाठी माहिती होती, याचा पुरावा असतो. त्यामुळे त्याचे मोल केवळ दुर्मिळतेवर वा शोभेवर ठरत नाही. तो कोठून आला व कोणत्या ग्रंथाचा वा संचाचा भाग होता, ही माहितीही तितकीच महत्त्वाची असते.

ऑर्टेलियसने १५७० मध्ये अँटवर्प येथे एकसारख्या आकाराच्या नकाशांचा पहिला आधुनिक नकाशासंग्रह-ग्रंथ प्रसिद्ध केला. भारताच्या बाबतीत फ्रेंच भूगोलज्ञ दांव्हील याचा १७५२ चा नकाशा आणि जेम्स रेनेल याचा हिंदुस्थानचा नकाशा (१७८२) हे महत्त्वाचे टप्पे होत. दांव्हीलने प्रवासवृत्तांची छाननी करून ज्या भागाची खात्रीशीर माहिती नव्हती तो कोरा सोडला. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून लॅम्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. या सर्वेक्षणाच्या आधारे पुढे चार मैलांस एक इंच या प्रमाणावरील भारताच्या नकाशांची पत्रे निघाली.

सागरी नकाशे : यांत भूप्रदेशापेक्षा पाण्याची खोली (वावांमध्ये), खडक, वाळूचे दांडे, नांगर टाकण्याच्या जागा व समुद्रावरून दिसणारी किनाऱ्याची रूपरेषा यांना महत्त्व असते. पोर्तुगीज नाविक झुआंव द कास्त्रू याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत केलेल्या सफरीत वाटेतील बंदरांची सचित्र नोंद केली. कोकण किनाऱ्याच्या इतिहासाचे ते एक मौलिक साधन आहे. गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच लेखकाच्या १५९६ च्या ग्रंथातील गोवा शहराचा आराखडाही प्रसिद्ध आहे. अलेक्झांडर डॅलरिंपल हा १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा व १७९५ मध्ये ब्रिटिश नौदलाचा जलालेखक झाला. सागरी नकाशे दुर्मिळ असण्याचे कारण त्यांच्या उपयोगातच आहे. ते जहाजावर दमट हवेत हाताळले जात, त्यांवर मार्ग आखले व खोडले जात आणि नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी प्रत धोक्याची म्हणून टाकून दिली जाई.

एतद्देशीय नकाशे : मराठी दप्तरांतील हस्तलिखित नकाशांत गावांची नावे मोडी लिपीत असून नद्या, घाट, किल्ले व मंदिरे चित्ररूपाने दाखविलेली असतात. त्यांत सर्वत्र एकच प्रमाण पाळलेले नसते. कामाच्या दृष्टीने जे महत्त्वाचे तेच मोठे काढलेले असते. ही त्रुटी न समजता हेतूची खूण समजावी. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना १९१०) यासारख्या संस्थांनी जुनी कागदपत्रे जपल्याने अशा साधनांचा अभ्यास शक्य झाला. सूझन गोल यांच्या १९८९ च्या ग्रंथाने भारतीय नकाशांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. हैदराबादच्या कलाकृती आर्काइव्हज या खाजगी संग्रहातील नकाशांचे प्रदर्शन २०१५ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरले होते.

कालनिश्चिती : नकाशावरील वर्ष हा एकमेव आधार मानता येत नाही, तांब्याचा तोच पत्रा वर्षानुवर्षे दुरुस्त करून वापरीत. कागदाची जात, जलचिन्ह, छपाईची पद्धत (काष्ठ, ताम्रपट की शिलामुद्रण), तसेच सरहद्दी व स्थलनामे यांचा एकत्र विचार करावा लागतो. समुद्रापासून दूर असलेला हिंगोली जिल्हा याचे चांगले उदाहरण आहे. हा जिल्हा परभणीपासून १ मे १९९९ रोजी वेगळा झाल्याने त्या नावाचा जिल्हा त्यापूर्वीच्या नकाशात सापडत नाही. या प्रदेशाचे जुने नकाशे परभणी जिल्हा किंवा हैदराबाद संस्थान या शीर्षकांखाली शोधावे लागतात; वसमतची नोंद पुष्कळदा ‘बसमत’ अशी असते. हिंगोली येथे छावणी दाखविली असल्यास ती निजामाच्या खर्चाने ठेवलेल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची होय. ही फौज १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन झाली. पैनगंगेच्या उत्तरेस ब्रिटिश प्रशासनाखालील वऱ्हाड व दक्षिणेस निजामी मुलूख असा रंगभेद आढळल्यास तो नकाशा, निदान त्यावरील रंग, १८५३ च्या तहानंतरचा ठरतो. मनमाडहून परभणीमार्गे सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग दाखविला असल्यास तो नकाशा साधारणतः १९०० च्या सुमाराचा वा त्यानंतरचा असतो. मात्र जुन्या सर्वेक्षणाच्या पत्र्यावर लोहमार्ग मागाहून कोरण्याची पद्धत असल्याने, गावे व रस्ते त्याहून जुन्या काळातील असू शकतात.

विच्छेदन व चोरी : अखंड ग्रंथापेक्षा त्यातील सुटे नकाशे विकून अधिक पैसे मिळतात, म्हणून अनेक जुने ग्रंथ व्यापाऱ्यांनी मोडले. वेगळ्या झालेल्या पत्राचा क्रम, मागील मजकूर व मालकीच्या नोंदी यांचा संबंध तुटतो आणि पुराव्याचा मोठा भाग नष्ट होतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २००५ मध्ये पकडलेल्या एका व्यापाऱ्याने विविध ग्रंथालयांतून ९७ नकाशे चोरल्याची पुढे कबुली दिली. व्हाल्डझेम्यूलरच्या १५०७ च्या जगाच्या नकाशासाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने एक कोटी डॉलर मोजले (२००३), यावरून या व्यवहारातील मोहाची कल्पना येते. भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये ऐतिहासिक महत्त्वाच्या, किमान १०० वर्षांपूर्वीच्या वस्तू व किमान ७५ वर्षांपूर्वीची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात. खाजगी व्यक्तींना त्यांची निर्यात करता येत नाही.

जतन : नकाशे शक्यतो न गुंडाळता आम्लरहित कागदात, सपाट खणांत ठेवावेत. थेट सूर्यप्रकाश, ओल, कसर व वाळवी यांपासून त्यांचे रक्षण करावे. चिकटपट्टी लावणे, प्लॅस्टिकचे कायमचे आवरण चढविणे व फिकट नकाशे नव्याने रंगविणे हे प्रकार टाळावेत, कारण त्यांनी झालेली हानी सहसा भरून येत नाही. प्रत्येक नकाशाबरोबर तो कोणाकडून, कोठे व केव्हा मिळाला याची नोंद ठेवावी. महाराष्ट्रातील वाडे व जुनी दप्तरे यांतून रद्दीत जाणाऱ्या कागदांतही असे नकाशे असू शकतात. ते विकण्यापूर्वी वा फेकण्यापूर्वी जवळच्या पुराभिलेखागारास किंवा इतिहास संशोधन संस्थेस दाखविल्यास, एखाद्या गावाची शीव, मोडलेली वाट किंवा बुजलेला तलाव यांचा शिल्लक असलेला पुरावा वाचू शकतो.