नळीतलं बूच

निसान स्कायलाइन जीटी-आर ही जपानी गाडी १९८९ मध्ये रस्त्यावर आली. आर३२ हे तिच्या पिढीचं कारखान्यातलं नाव, आणि जगभरचे शौकीन आजही तिला त्याच नावानं ओळखतात. तिचं बॉनेट उघडलं की समोर सहा सिलिंडरांचं लांबलचक इंजिन दिसतं आणि त्याच्या अवतीभवती रबरी नळ्यांचं जंजाळ. त्यातल्या एका करंगळीहून बारीक नळीत एक छोटंसं बूच बसवलेलं असतं. मधोमध बारीक भोक, बाकी काही नाही. नळी सोडवायची, बूच काढून खिशात टाकायचं, नळी परत जोडायची. एवढं केलं की गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळू लागते!

इंजिन उघडलं नाही, एकही नवा भाग विकत आणला नाही. मग ही जादा ताकद आली कुठून? आणि कारखान्यानं ती आधी बूच मारून का ठेवली होती?

उत्तर शोधायचं तर हवेच्या मागे जावं लागेल. गाडी पेट्रोलवर चालते असं आपण म्हणतो खरं, पण एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाचा मुख्य आहार हवाच. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पंपानं हवं तेवढं आत ढकलता येतं. अडतं ते हवेपाशी. जीटी-आरचं इंजिन २,५६८ घन सेंटिमीटरचं, अडीच लिटरच्या किंचित वर. मिनिटाला ७,००० फेरे होत असतील तर दर दोन फेऱ्यांत एकदा या हिशेबानं ते मिनिटाला जवळपास ९,००० लिटर हवा ओढतं. सेकंदाला दीडशे लिटर! आणि तरीही त्याचं पोट भरत नाही, कारण पिस्टन खाली गेल्यावर बाहेरची हवा आपणहून जेवढी आत शिरेल तेवढीच मिळते.

मग हवा कोंबून का भरू नये? भरता येते, पण कोंबायला पंप हवा, आणि पंप चालवायला ताकद हवी. ती इंजिनाकडूनच घ्यायची म्हणजे एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं झालं. इथं स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्यूखी नावाचा अभियंता मदतीला येतो. त्यानं पाहिलं की इंधनातल्या ऊर्जेचा मोठा वाटा, ढोबळमानानं एक तृतीयांश, धुराबरोबर सायलेन्सरमधून वाया जातो. हा धूर तापलेला असतो, वेगात असतो. त्याच्या वाटेत एक चाक ठेवलं तर? आणि त्याच चाकाच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं दुसरं चाक बसवलं तर? या कल्पनेचं पेटंट त्यानं १९०५ मध्ये घेतलं. ती प्रत्यक्षात उपयोगाला यायला पुढची वीस वर्षं गेली, आणि पहिला मान मिळाला तो गाड्यांना नव्हे, जहाजांच्या डिझेल इंजिनांना.

मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या अभियंत्यानं १९१८ मध्ये एक विमानाचं इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या ४,३०० मीटर उंचीच्या डोंगरावर चढवलं. एवढ्या वर हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घसरते. मॉसनं त्याला धुरावर फिरणारा पंप जोडला, आणि समुद्रसपाटीला मिळते तेवढी ताकद त्यानं त्या शिखरावर परत मिळवून दाखवली. डोंगरमाथ्यावर उभं राहून इंजिनाला वाटायला लावायचं की आपण समुद्रकिनारी आहोत. काय धमाल कल्पना आहे!

आता धुरावर फिरणारा हा पंप, म्हणजेच टर्बो, जवळून बघू. जीटी-आरमध्ये असे दोन आहेत, प्रत्येकी तीन सिलिंडरांना एक. टर्बो म्हणजे एक दांडा, त्याच्या दोन टोकांना दोन पंख्यासारखी चाकं, आणि प्रत्येक चाकाभोवती गोगलगाईच्या आकाराचं कवच. एका कवचात आठशे-नऊशे अंश सेल्सिअसचा धूर शिरतो. दुसऱ्यात बाहेरची गार हवा. दोघांमध्ये अंतर जेमतेम वीतभर. एक टोक लालबुंद होण्याइतकं तापलेलं आणि दुसरं त्यामानानं थंड, आणि मधला दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतोय. साठ मिलिमीटर व्यासाचं चाक दीड लाख फेऱ्यांनी फिरलं तर त्याच्या पात्याचं टोक सेकंदाला सुमारे ४७० मीटर वेगानं धावतं. आवाजाचा वेग साधारण ३४० मीटर. म्हणजे बॉनेटखाली, तुमच्या पायांपासून हातभर पुढे, काहीतरी आवाजापेक्षा जोरात धावत असतं आणि तुम्हाला ऐकू येते ती फक्त एक बारीक शीळ.

एवढ्या वेगाला कुठलं बेअरिंग टिकेल? खरी गंमत इथंच आहे. अशा बऱ्याच टर्बोंमध्ये दांडा चालू असताना धातूला टेकतच नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. मिलिमीटरच्या काही शतांश एवढी फट, त्यात दाबाखाली खेळणारं इंजिन ऑइल, आणि त्या तेलाच्या आधारावर सगळा खेळ. इंजिन ऑइलचा डबा विकत घेताना किमतीवरून घासाघीस करणाऱ्या माणसाला हे एकदा दाखवायला हवं.

आता बुचाकडे वळू. धूर वाढला की टर्बो जोरात फिरतो, जास्त हवा कोंबतो, जास्त हवेमुळे जास्त इंधन जळतं, त्यामुळे धूर आणखी वाढतो. हे चक्र मोकळं सोडलं तर इंजिन स्वतःच्याच श्वासानं फुटेल. म्हणून धुराच्या वाटेवर एक झडप असते, वेस्टगेट. दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचला की ती उघडते आणि उरलेला धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. पण दाब पोहोचला हे झडपेला कळतं कसं? एका बारीक नळीनं. कोंबलेल्या हवेचा थोडा दाब त्या नळीतून झडपेच्या डबीत जातो, डबीतला पडदा स्प्रिंगला ढकलतो आणि झडप उघडते. ना वीज, ना सेन्सर. नळी, पडदा आणि स्प्रिंग.

जीटी-आरच्या संगणकाला जरा जास्त दाब हवा असेल तेव्हा तो या निरोपातला थोडा दाब मध्येच गळू देतो. झडपेला वाटतं, अजून दाब कमी आहे, थांबू. किती गळू द्यायचं याची मर्यादा ठरवतं ते आपलं भोकाचं बूच. ते काढलं की निरोप जास्त गळतो, झडप गाफील राहते, आणि सुमारे ०.७ बारवर थांबणारा दाब ०.९ च्या पुढे सरकतो. म्हणजे बूच काढणारा इंजिनात काहीच घालत नाही. तो फक्त झडपेशी खोटं बोलतो!

कारखान्यानं ताकद का दडवली, त्याची गोष्टही मजेदार आहे. त्या काळात जपानी कंपन्यांमध्ये एक समजूत होती, की जाहिरातीत २८० अश्वशक्तीच्या वर कुणी जायचं नाही. टोयोटाच्या सुप्राच्या कागदावर २८०, जीटी-आरच्या कागदावरही २८०. ही समजूत २००४ पर्यंत टिकली. पण जीटी-आरचा जन्म झाला होता शर्यतीसाठी. ग्रुप ए या शर्यतींच्या नियमांत टर्बो असेल तर इंजिनाचं आकारमान १.७ नं गुणायचं असं होतं. २,५६८ ला १.७ नं गुणा, येतात ४,३६६. साडेचार लिटरच्या गटात अगदी बेतानं बसणारा आकडा. शर्यतीत हेच इंजिन पाचशेच्या वर अश्वशक्ती देत असे. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात झालेल्या २९ पैकी २९ शर्यती या गाडीनं जिंकल्या, आणि ऑस्ट्रेलियाच्या बाथर्स्टला १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं. पाचशे सोसण्यासाठी घडवलेला जाड बिडाचा ब्लॉक घरगुती गिऱ्हाइकाला २८० चं लेबल लावून विकला होता. हे कळल्यावर हातात पाना असलेला कुठला माणूस गप्प बसेल?

पण थांबा. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, आठवतंय? दाबली की हवा तापते. टर्बोत ३० अंशांची हवा ०.७ बार दाबानं कोंबली की ती शंभर अंशांच्या आसपास जाते. दाब १ बार केला की सव्वाशेच्या घरात. तापलेली हवा पुन्हा पसरते, म्हणजे कोंबण्याचा फायदा निम्मा वाया. म्हणून पुढच्या बंपरमागे इंटरकूलर असतो. हवा त्याच्या पातळ नळ्यांतून गार होऊन मग इंजिनात शिरते. तो कमी पडला तर नॉकिंग सुरू होतं. ठिणगीनं पेटवलेली ज्योत पोहोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडे पडू लागतात. ओल्ड्समोबाइल जेटफायर या १९६२ च्या अमेरिकन टर्बो गाडीत यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकीच दिली होती. मालक ती भरायला विसरायचे. माणसाच्या विसराळूपणावर अभियांत्रिकी उभी केली की असं होतं.

जीटी-आरमध्ये आणखी एक गोम आहे. धुराच्या बाजूचं चाक धातूचं नाही, सिरॅमिकचं आहे. हलकं चाक चटकन वेग घेतं, ॲक्सिलरेटर दाबल्यावर फारशी वाट पाहावी लागत नाही. कल्पना सुंदरच. पण दाब १ बारच्या आसपास नेला की हे चाक दांड्यापासून सुटून तुकडे होण्याचा धोका असतो. निसानलाही ते ठाऊक होतं. १९९० मध्ये शर्यतीसाठी काढलेल्या निस्मो (निसानचाच शर्यत विभाग) आवृत्तीत धातूची चाकं घातली होती. म्हणून जाणते शौकीन बूच काढून तिथंच थांबतात किंवा आधी टर्बो बदलतात. टर्बो बदलला की इंजेक्टर अपुरे पडतात, ते बदलले की पेट्रोल पंप, मग संगणकातले हिशेब, मग क्लच, मग ब्रेक. एक बूच काढलं आणि पगार गेला!

माझं विचाराल तर या छंदाची खरी मजा ताकद वाढवण्यात नाही, ती टिकवण्यात आहे. या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकशाफ्टच्या टोकावर बसतो. सुरुवातीच्या आर३२ गाड्यांत क्रँक आणि पंप जिथं एकमेकांना धरतात ती जागा फारच अरुंद ठेवली गेली. जोरात फिरवलं की पंपाचा तुकडा पडू शकतो, तेलाचा दाब जातो, आणि तेलावर तरंगणाऱ्या सगळ्या गोष्टी एकदम जमिनीवर येतात. त्यावर रुंद पकडीची कॉलर बसवतात. आणखी एक खोड म्हणजे जास्त वेगात तेल सिलिंडर हेडमध्ये वर चढतं आणि परत खाली यायला उशीर करतं. वर तेलाचं तळं, खाली पंप कोरडा. मग शौकीन काय करतात? हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत बारीक भोकाचं एक बूच बसवतात! हवेच्या नळीतलं काढायचं आणि तेलाच्या वाटेत घालायचं. अशा गाडीचं निम्मं शास्त्र कुठली वाट मोकळी सोडायची आणि कुठली अडवायची यात आहे.

त्याखेरीज रोजची कामं आहेतच. पस्तीस वर्षांचं रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात, आणि केसाएवढ्या भेगेतून दाब निसटला की गाडी उगाच मरगळते. म्हणून हे लोक नळ्या एकेक करून हातानं दाबून बघतात, क्लिपा कसतात, टायमिंग बेल्टची तारीख वहीत लिहून ठेवतात. सुट्या भागांचा दुष्काळ इतका वाढला की २०१७ मध्ये निस्मोनं आर३२ चे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला सुरुवात केली. अमेरिकेत परदेशी गाडी पंचवीस वर्षांची झाली की आयातीचे बरेच निर्बंध सुटतात. त्यामुळे २०१४ पासून या गाड्या तिकडे निघाल्या आणि जपानातली भावंडं दुर्मीळ होत गेली.

आपल्याकडे हा खेळ जपून खेळायला हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. पण टर्बो मात्र आपल्या दारातही आहे. आजची बरीचशी डिझेल वाहनं आणि कित्येक छोट्या पेट्रोल गाड्या टर्बोवरच चालतात. तेव्हा कसारा किंवा खंबाटकी घाट दामटून चढल्यावर चहाच्या टपरीशी गाडी लावलीत की किल्ली लगेच फिरवू नका. इंजिन बंद झालं की तेल फिरायचं थांबतं, तापलेल्या दांड्यापाशी ते करपतं आणि कोळशासारखं चिकटतं. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा, आणि ऑइल गाडीच्या कंपनीनं सांगितलेलंच, सांगितलेल्या वेळेला बदला.