विस्तवाविना शेगडी

श्रावणातला तिसरा सोमवार म्हणजे त्र्यंबकेश्वरात घरोघरी पाहुण्यांची झुंबड. ब्रह्मगिरीची फेरी आटोपून, चिंब भिजून माणसे येतात ती आपल्या वेळेने. कुणी पहाटे, तर कुणी दुपार टळल्यावर. माझ्या माहेरी त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीचे पातेले किती वेळा शेगडीवर चढते नि उतरते, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. गेल्या श्रावणात मात्र ओट्याच्या कोपऱ्यात एक नवी पेटी दिसली. भाच्याच्या बायकोने, म्हणजे आईच्या नातसुनेने, नाशिकहून आणलेला मायक्रोवेव्ह! येईल त्याच्यासाठी ती बशीभर खिचडी मिनिटभरात वाफाळती करत होती आणि आई उंबऱ्याशी बसून त्या पेटीकडे संशयाने पाहत होती.

"अगं, विस्तव नाही, आच नाही, मग हे तापतं कशानं?" शेवटी तिने विचारलेच. "आणि ते किरण अन्नात राहतात म्हणे. बाळाचं दूध त्यात ठेवू नकोस हो."

पोरगी बाटली हातात घेऊन तशीच उभी. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. गंमत अशी, की दुधाच्या बाबतीत आईचे म्हणणे सोळा आणे खरे होते, फक्त कारण चुकीचे होते!

आधी ते कारण पाहू. या पेटीत मॅग्नेट्रॉन नावाची एक नळी असते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट या दोघांनी ती रडारसाठी घडवली. पुढे १९४५ साली अमेरिकेत रेथिऑन कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोळी अशाच नळीजवळ उभे असताना वितळली आणि त्यांना स्वयंपाक सुचला. (पुरुषाला स्वयंपाक सुचायला असे काही घडावे लागते!) पहिली भट्टी १९४७ साली आली ती माणसाएवढी उंच होती, ओट्यावर मावेल अशी घरगुती पेटी १९६७ साली निघाली.

या नळीतून प्रकाशाच्याच जातीच्या, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी निघतात. आपल्या अन्नात पाणी असतेच. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन आणि दुसरे ऋण. लहर आली की रेणू तिच्या दिशेने वळू पाहतो, तोच दिशा उलटते. हे किती वेळा? एका सेकंदात सुमारे २४५ कोटी वेळा! फेरीच्या गर्दीत पुढून "मागे सरा" आणि मागून "पुढे चला" असा रेटा सुरू झाला, की थंड हवेतही माणूस घामाघूम होतो ना? तीच गत पाण्याची. त्या धक्काबुक्कीतून उष्णता निघते. बटण बंद झाले की लहरी संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का? क्ष-किरणांसारखी अणूंची मोडतोड करण्याची ताकद या लहरींत नाही. बाहेर म्हणाल, तर पेटी धातूची आणि दाराच्या काचेत बारीक जाळी. लहरीची लांबी १२ सेंटिमीटर, जाळीचे भोक मोहरीएवढे. त्यातून ती बाहेर पडणार कशी? दार वाकले असेल किंवा नीट लागत नसेल, तर मात्र पेटी वापरू नये.

मग काळजी कशाची? तर या लहरी सगळीकडे सारख्या तापवत नाहीत, याची. त्या अन्नात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर शिरतात. मध्यभागी उष्णता पोहोचते ती हळूहळू, आपली आपण. शिवाय पेटीत लहरी भिंतींवर आपटून परततात आणि काही जागी जोर धरतात, काही जागी मरतात. म्हणून तर आत फिरती काच असते. हे आईला दाखवायला मी काच आणि तिच्याखालचे चाक काढून ठेवले, एक सपाट बशी उपडी घातली आणि तिच्यावर उडदाचे पापड मांडले. मिनिटाच्या आतच पापड फुलले, पण कसे? इथे पांढरा ठिपका, तिथे कच्चा, पुन्हा ठिपका. दोन ठिपक्यांत साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे लहरीची निम्मी लांबी. त्याची दुप्पट करून २४५ कोटींनी गुणा, प्रकाशाचा वेग हाती लागतो : सेकंदाला तीन लाख किलोमीटर. स्वयंपाकघरात बसून!

आई गणिताला भुलली नाही, पण कच्चे-पक्के पापड पाहून म्हणाली, "म्हणजे दुधाचंही असंच?" अगदी असेच. बाटली हाताला कोमट लागते आणि आत एखादा झोत पोळणारा असतो. तान्ह्याच्या जिभेला तो कळेपर्यंत उशीर झालेला असतो. बाळाचे दूध गरम पाण्याच्या वाडग्यात बाटली धरूनच कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावे.

मोठ्यांच्या अन्नालाही हाच न्याय. भाजी ढीग करून ठेवू नये, कडेने पसरावी, झाकावी, अर्ध्या वेळी ढवळावी आणि काढल्यावर दोन मिनिटे तशीच राहू द्यावी. खिचडीवर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवले की ती मऊ राहते. शिळ्या भाताबद्दल मात्र सांगते. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला, तर त्यात वाढणाऱ्या एका जंतूचे विष नंतर कितीही गरम केले तरी जात नाही. उरलेला भात लवकर फ्रीजमध्ये जायला हवा. मायक्रोवेव्ह तो पापातून सोडवणार नाही.

आपल्या नाशिकची तांब्या-पितळेची भांडी, स्टीलचे डबे, सोनेरी काठाच्या बश्या यांना तिथे मज्जाव. धातूवरून लहरी परततात, टोकदार कडांशी ठिणग्या उडतात. काच किंवा चिनी माती उत्तम; मेलामाइन नको, आणि प्लॅस्टिक तसा शिक्का असेल तेच. शंका आली, तर रिकामे भांडे आणि शेजारी पाण्याने भरलेला कप मिनिटभर ठेवावा. पाणी तापले आणि भांडे गारच राहिले, तर चालेल. वांगे-बटाट्याला टोचे मारल्याशिवाय आत ठेवू नये, फुटतात. गुळगुळीत पेल्यात नुसते पाणी फार तापवले, तर कधी ते न उकळता शांत दिसते आणि चहाची पूड टाकताच हातावर उसळते. आधीच लाकडी चमचा घालून ठेवावा.

वीस माणसांचा भात यात करायच्या भरीस पडू नये. एका कपाला दीड मिनिट लागले, तर चार कपांना सहा. पातेले आणि गॅस तिथे केव्हाही सरस. पण त्र्यंबकच्या पावसात सादळलेले पोहे पसरून मिनिट-दोन मिनिटे ठेवा, गार झाले की कुरकुरीत. दाणे वाटीभरच घ्यावेत आणि दर मिनिटाला हलवावेत, नाही तर वरून गोरे दिसतात आणि आतून जळतात.

संध्याकाळी आईने स्वतः बटण दाबून पापड भाजला, या खेपेला फिरत्या काचेवर. दुधाची बाटली वाडग्यात होती.

आणि हो, आत शितोडे उडाले की खरवडू नका. वाडग्यात पाणी आणि लिंबाची फोड घालून, चमचा तसाच आत ठेवून, तीन-चार मिनिटे उकळू द्या, पाच मिनिटे दार उघडू नका. मग ओल्या फडक्याने सगळे निघून येते.